स्टिअरिंग न हलणारी गाडी

कोथरूड, पुणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा हिंजवडीतल्या कामाविषयी बोलताना तू म्हणालास, "काका, धोरण वरचे ठरवतात, मी फक्त कोड लिहितो." हेच वाक्य मीही अनेक वर्षे वापरले, म्हणून लिहितो आहे.

आपण सकाळी ज्या एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जातो, तिथल्या वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेने २०१५ साली फोक्सवॅगनच्या गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर तपासल्या आणि त्यानंतर कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. प्रदूषण-चाचणीतल्या या फसवणुकीचे मूळ प्रकरण अमेरिकेतले. चाके फिरतात पण स्टिअरिंग हलत नाही, अशा खुणांवरून गाडी चाचणीच्या रोलरवर आहे हे गाडीतले सॉफ्टवेअर ओळखत असे आणि तेवढ्यापुरते प्रदूषण आवरत असे. रस्त्यावर मात्र नायट्रोजन ऑक्साइडचे प्रमाण मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जाई. यातली एकेक अट सुटी पाहिली तर कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी कोड तपासतात तेव्हा, कुणी हरकतही घेतली नसती. २०१७ साली तिथल्या न्यायालयाने ज्या अभियंत्याला ४० महिन्यांची कैद सुनावली, तो कंपनीचा संचालक नव्हता.

माझा अपराध लहान होता, पण जातीने तोच. एका कारखान्याच्या हजेरीत बोटाचा ठसा तीनदा जुळला नाही तर कामगार गैरहजर, असा नियम मी लिहिला. सिमेंट कालवून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या होत्या, त्यांची मजुरी कापली गेली. 'तीन' हा आकडा धोरणात कुठेही नव्हता. तो मी घातला होता.

तुमच्या ॲपमध्ये डिलिव्हरी करणाऱ्याचा चेहरा जुळला नाही, तर त्याचे खाते आपोआप बंद होणार आहे. मग त्याने कोणाला गाठायचे, आणि तोवरची कमाई त्याला कोण देणार, हे तिकिटात, म्हणजे तुला दिलेल्या कामाच्या नोंदीत, नसेल तर विचार; तोंडी नव्हे, ईमेलवर. नोकरी सोड असे मी म्हणत नाही, घराचा हप्ता मलाही कळतो. पण एकट्याने विचारणारा आडमुठा ठरतो, तेव्हा टीममधले आणखी दोघे-तिघे सोबत घे. २०१८ साली गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी ड्रोनचित्रणाच्या लष्करी प्रकल्पाविरुद्ध एकत्र सह्या केल्या, तेव्हा कंपनीने ते कंत्राट पुढे वाढवले नाही.

ईमेलचा मसुदा आधी मला दाखव. भाषा थोडी मऊ करू. प्रश्न तसाच ठेवू.

तुझा,
काका