रॉजर म्हणजे होकार नाही, हुंकार!

प्रश्न आलाय की पायलट रेडिओवर "रॉजर" म्हणतो त्याला मराठीत "होकार दिला" म्हणायचं का. नाही भाऊ, अजिबात नाही, हे ऐकून ऐकून कान किटले. आमच्या गावच्या ग्रुपवर "उद्या सकाळी डीपीपाशी या, फ्यूज बदलायचाय" असं टाकलं की पाचसहा जण रॉजर टाकतात अन् येत एकही नाही, आणि गंमत अशी की शब्दाला धरून ते बरोबरच हायेत! रॉजर म्हणजे तुमचं बोलणं पूर्ण पोचलं, बस. "करतो" म्हणायचं असेल तर विल्को म्हणा ना.

रिसीव्ह्डचा (पोचलं) आर, रेडिओवर अक्षरं सांगायच्या जुन्या यादीत आर फॉर रॉजर, 1956 पासून तिथं रोमिओ आला तरी रॉजर टिकला, हे कुठंही वाचायला मिळते, सोडा.

खरी मजा आपल्या "कार"मध्ये हाय. हो म्हणणं होकार, न म्हणणं नकार, हुं म्हणणं हुंकार. आजी गोष्ट सांगताना "हुंकार दे बाप्पा" म्हणायची ते गोष्ट पटली का विचारायला नाही, पोट्टं जागं हाय का पाहायला. आमच्याकडचे एक रिटायर गुरुजी ठासून सांगतात की हा कार कुंभकारातला, म्हणजे करणारा. काऊन बा? ओंकार काय ओं घडवणारा कारागीर हाय का? धिक्कार, चीत्कार, फूत्कार, सगळे तोंडातून निघणारे आवाज. मी तर म्हणतो अहंकारही त्यातलाच, "मी मी" म्हणणं, गुरुजींनी यावर जरूर विचार करावा. संस्कृतातला हुंकार दरडावणारा असे हे मान्य, पण आमच्या वऱ्हाडात तो ऐकणाऱ्याचा झाला.

अन् हुंकार-होकारातला हा फरक जिवावर बेततो. स्पेनचं टेनेरिफ बेट, 27 मार्च 1977. धावपट्टीवर धुकं, केएलएम या डच कंपनीच्या विमानातून "आम्ही आता टेक-ऑफवर" अशा अर्थाचं काहीतरी आलं, टॉवरवाला म्हणाला "ओके", पुढं "थांबा, मी सांगतो", पण नेमकं तेव्हाच त्याच धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानातले, अमेरिकन कंपनी पॅन अॅमवालेही बोलायला लागले, दोन्ही आवाज एकमेकांवर चढून नुसती शिटी वाजली अन् केएलएमला धड ऐकू आलं ते फक्त ओके. केएलएमचं विमान पळायला लागलंच होतं, थांबलं नाही, पॅन अॅमच्या विमानावर आदळलं. 583 माणसं गेली. हुंकार होता, होकार समजला गेला. त्यानंतर नियम झाला, टेक-ऑफ हा शब्द परवानगी देताना नाहीतर रद्द करतानाच काढायचा, एरवी डिपार्चर म्हणायचं.

हं तर पोट्टं झोपेतही म्हणते. म्हणून धावपट्टी, उंची असलं काही सांगितलं की पायलटचं नुसत्या रॉजरवर भागत नाही, आकड्यासकट परत म्हणून दाखवावं लागते, अन् टॉवरवाल्यानंही ते कान देऊन ऐकावं लागते.

होकाराला तिकडं अफर्म म्हणतात. पूर्ण अफर्मेटिव्ह नाही, कारण खरखरीत पुढचं अर्धं गेलं तर उरलेलं शेपूट निगेटिव्हसारखं वाटते. आणि ते "ओव्हर अँड आउट"वाले, ओव्हर म्हणजे आता तू बोल, आउट म्हणजे बोलणं संपलं, एकदा काय ते ठरवा राजेहो.