जुनी बंदूक, स्वस्त काडतुसं

प्रश्न : इथे अमेरिकेत, आयोवात शेजारच्या आजोबांनी त्यांची जुनी विंचेस्टर मॉडेल १२ ही छऱ्यांची बंदूक आम्हाला दिली. नळीवर १२ गेज (नळीच्या रुंदीचं माप), २ ३/४ असं कोरलंय. फार्म स्टोअरमधली स्वस्त काडतुसं चालतील?

उत्तर : चालतील की! माझीही तीच, पुढची लाकडी मूठ घासून गुळगुळीत झालीय. कोंबडीखाद्याच्या पोत्यांपलीकडे २५-२५ची खोकी असतात. पावणेतीन इंच लांबीची (तेच ते २ ३/४), शिशाच्या छऱ्यांची घ्या. पोलादी छरे नकोत, जुन्या नळीचं तोंड खराब होतं. म्हणजे या काडतुसांनी बदकांची शिकार विसरा. १९९१पासून त्यांच्यासाठी शिसं बंदच. खिशात २० गेजचं, म्हणजे बारीक, पिवळं काडतूस चुकूनही नको. ते नळीत पुढे सरकून अडकतं, मागे बाराचं बसतं, अन् ते झाडलं की नळी फुटते. व्हिसावर असाल तर मात्र बंदूक-काडतुसं बाळगता येतात का, हे विचारायला आधी वकील गाठा, दुकान नंतर.