डायलिसिसमुळे छातीतल्या शिरा बंद झाल्यात, लीडलेस पेसमेकर बसवता येईल का?

वडिलांचं डायलिसिस चालू आहे, कॅथेटरमुळे छातीकडच्या शिरा आक्रसल्यात आणि आता पेसमेकर सांगितलाय, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक वेळा लीडलेस, म्हणजे तारांशिवाय थेट हृदयात बसणारा पेसमेकर, बसवता येतो. पण वरची वाट टळली की सगळा भार जांघेतल्या शिरेवर येतो, म्हणून आधी ती तपासून घ्या.

मायक्रा हा लीडलेस पेसमेकर जेमतेम 26 मिलिमीटर लांब आणि 2 ग्रॅमच्या आत असतो. पण त्याला आत नेणारी नळी बाहेरून 27 फ्रेंच, म्हणजे 9 मिलिमीटर जाड. जांघेत पूर्वी डायलिसिसचा कॅथेटर राहिला असेल तर तिथली किंवा ओटीपोटातली शीर अरुंद झालेली असू शकते, मग नळी अडते नाहीतर मुडपते. आजवर कॅथेटर कुठे, कोणत्या बाजूला, किती दिवस होता हे कागदावर लिहून न्या. दोन्ही जांघांचा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा, शंका उरली तर व्हेनोग्राम (शिरेत औषध सोडून काढलेला एक्स-रे). पोटातल्या महाशिरेत गुठळ्या अडवणारा फिल्टर किंवा ट्रायकस्पिडच्या (हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेच्या) जागी धातूची झडप असेल तर मायक्रा बसवत नाहीत. ताप किंवा कॅथेटरचा संसर्ग असेल तर आधी तो आटोक्यात आणावा लागतो.

कडक तारेवरून डायलेटरचं (शीर रुंद करणाऱ्या नळीचं) माप वाढवत शीर हळूहळू रुंदावतात. यंत्र उजव्या खालच्या कप्प्यात, मधल्या पडद्याला टेकवतात. बाहेरची भिंत पातळ असते, तिथे भोक पडलं तर हृदयाभोवती रक्त साचतं. मला सर्वांत काळजीचा धोका हाच वाटतो. वयस्कर, सडपातळ, फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांत तो जास्त. यंत्राचे नायटिनॉल या लवचीक धातूचे 4 आकडे स्नायूत रुततात. मग यंत्राला बांधलेला दोरा हलकेच ओढून एक्स-रेच्या पडद्यावर बघतात: निदान 2 आकडे ताणलेले दिसले पाहिजेत. थ्रेशोल्डही (ठोका पाडायला लागणारा कमीत कमी विद्युतदाब) 0.24 मिलिसेकंदाला 1 व्होल्टच्या आत हवा. नसेल तर यंत्र परत नळीत ओढून जागा बदलतात. सगळं जमलं की मगच दोरा कापतात.

जांघेत आठच्या आकाराचा टाका घालतात, पाय काही तास सरळ ठेवावा लागतो. पुढचं डायलिसिस हेपरिनविना (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाविना) होईल का, हे नेफ्रोलॉजिस्टना आदल्या दिवशीच विचारा.

एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची बिघडलेली, अनियमित लय) असेल तर एका कप्प्याचा पेसमेकर पुरतो. वरच्या कप्प्याची लय ठीक आणि खाली ब्लॉक (वरचा विद्युतसंकेत खाली न पोहोचणं) असेल तर मायक्रा एव्हीबद्दल, म्हणजे वरच्या कप्प्याच्या ठोक्याशी मेळ राखणाऱ्या मायक्राबद्दल, विचारा. बॅटरी संपली की जुना सहसा बंद करून तिथेच ठेवतात आणि शेजारी नवा बसवतात.