बाबांची पहिली फील्ड पोस्टिंग आणि चार वर्षांचं मूल

ताई, फौजेतली फील्ड पोस्टिंग म्हणजे कुटुंबाला सोबत नेता येत नाही अशी, बहुधा सीमेकडची नेमणूक. सुरुवातीला थोडंच सांभाळा, पण नीट.

सर्वात महत्त्वाचं म्हणजे बाबांनी मुलाचा निरोप घेणं. मूल झोपेत असताना बाबांनी निघून जाणं ही नेहमीची चूक. उठल्यावर माणूस गायब दिसला की ते झोपायला घाबरतं, आईचा पदर सोडत नाही. दोन-तीन दिवस आधी सांगा, जागेपणी टाटा करू द्या. 'सहा महिने' त्याला कळत नाहीत, 'गणपतीत येतील' कळतं. मात्र रजा पक्की नसेल तर सणाचं नाव काढू नका.

फोनची रोजची वेळ ठरवू नका, सीमेवर रेंजचा भरवसा नसतो. त्याऐवजी बाबांच्या आवाजात दोन-तीन गोष्टी रेकॉर्ड करून ठेवा, झोपताना त्याच लावा.

रजेवर आल्यावर मूल तोंड फिरवेल, लपेल. वाईट वाटून घेऊ नका. एवढ्या खंडानंतर ते स्वाभाविक आहे. बाबांनी उचलून घ्यायची घाई न करता जमिनीवर बसून खेळावं, त्याला आपणहून येऊ द्यावं. पहिल्याच दिवशी शिस्त तर अजिबात नको.

आणि 'फौजीचं पोर रडत नाही' हे कुणालाही म्हणू देऊ नका, आजी-आजोबांनाही. त्याला रडू द्या, जवळ घ्या.

शाळाबदली, केंद्रीय विद्यालयातला प्रवेश वगैरे पुढच्या बदलीच्या वेळी बघू.