जुन्या चित्रातला नंतर लावलेला रंग चित्र न खरवडता कसा ओळखतात?

आधी अतिनील प्रकाशात बघतात, आणि अलीकडची डागडुजी बहुतेक वेळा तिथेच उघडी पडते. अंधाऱ्या खोलीत हा दिवा तैलचित्रावर धरला की राळेपासून केलेलं जुनं व्हार्निश हिरवट चमकतं आणि त्याच्यावर नंतर लावलेला रंग काळपट-जांभळा दिसतो. साध्या उजेडात एकसंध वाटणाऱ्या गालावर असे पाच-सहा काळे ठिपके अचानक उमटतात, तेव्हा पाहणारा थबकतोच. राळ वर्षानुवर्षं हवा-उजेडात राहिली की तिच्यात रासायनिक बदल होऊन ही चमक वाढते. ताज्या रंगात ती आलेली नसते.

शंका राहिली तर एक्स-रे फ्लुओरेसन्स वापरतात. त्यात चित्राला धक्का न लावता रंगातली मूलद्रव्यं कळतात. टायटॅनियमचा पांढरा रंग १९२०च्या आसपास बाजारात आला. म्हणजे सतराव्या शतकातल्या चित्राच्या ढगात टायटॅनियम सापडलं, तर ढगाचा तेवढा भाग नंतरचा.

मात्र काळं दिसलं नाही म्हणजे मूळच, असं धरू नका. व्हार्निशच्या थराखाली गेलेली जुनी डागडुजी त्या हिरवट चमकेत झाकली जाते. आणि नंतरचा रंग आहे हे नक्की झालं तरी तो लगेच काढायचा नसतो, कारण त्याच्याखाली मूळ रंग शाबूत आहे की नुसतं उघडं कापड, हे आधी पाहावं लागतं.