पॅरिसहून आईसाठी डिझायनर पर्स आणावी का?

बेळगावच्या टिळकवाडीहून पॅरिस-स्वित्झर्लंड टूरला निघालाय आणि आईसाठी भारीतली पर्स आणायची आहे, तर जरूर आणा, पण कर परत मिळण्यासाठी लागणाऱ्या कस्टमच्या शिक्क्याचं आधी बघा. फ्रान्समध्ये किमतीत 20 टक्के व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, धरलेला असतो. 100 युरोंच्या वर खरेदी झाली की तो परत मागता येतो. फी कापून हातात साधारण 12 टक्के पडतात. दुकानात मूळ पासपोर्ट दाखवून व्हॅट परतीचा फॉर्म घ्यायचा.

खरी मेख पुढं आहे. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही. झ्युरिकहून परतणार असाल तर फ्रान्सची हद्द सोडतानाच कस्टमचा शिक्का घ्यावा लागतो. माझ्या बहिणीची बस सीमेवर थांबलीच नाही. तो बिनशिक्क्याचा फॉर्म अजून कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे. फार जीवाला लागलं होतं तिच्या. टूर मॅनेजरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि पर्स हाताशी ठेवा, अधिकारी बघायला मागू शकतात.

सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, परदेशातून थेट विमान येत नाही, त्यामुळं मुंबई, बेंगळुरू किंवा गोवा, जिथं आधी उतराल तिथंच आपलं कस्टम. सवलतीच्या मर्यादेपेक्षा महाग असेल तर सरळ रेड चॅनेलनं, म्हणजे ड्यूटी भरायचं सामान असणाऱ्यांच्या रांगेतून जा, बिल दाखवा. ड्यूटी धरून परवडते का, हा हिशेब घरीच करून निघा.