देव न मानणाऱ्याने घरच्या श्रद्धाळू माणसांशी धर्मावर बोलावं की गप्प बसावं?

तुम्ही लिहिलंय की घरात देव न मानणारे तुम्ही एकटेच, विषय निघाला की भांडण ठरलेलं. मी तुमच्या घरच्यांच्या बाजूची. नाशिकच्या पंचवटीत वाढले, सोमवार धरते, रामनवमीला काळारामाला जातेच. माझा धाकटा भाऊ मात्र कॉलेजपासून देव मानत नाही. आमच्यातही कित्येक वर्षं नुसती वादावादी चालायची. आई गेली तेव्हा हे बदललं, म्हणून तेच सांगते.

दहाव्याला रामकुंडावर पिंडदान करायला त्याने नकार दिला. काकू सगळ्यांसमोर म्हणाली, "आईचं तुला काहीच वाटत नाही का रे?" तो म्हणाला, "ज्यावर माझा विश्वास नाही ते आईच्या नावाने कसं म्हणू? तिच्याशी मी कधी खोटं बोललो नाही." विधी शेवटी चुलतभावाने केले. हा उन्हात शेवटपर्यंत उभा होता.

पिंडाला कावळा शिवेना. मग नेहमीप्रमाणे एकेक जण पुढे येऊन आईला शब्द देऊ लागला. तोही आला. हात जोडले नाहीत, पण "मावशीचं औषधपाणी माझ्याकडे," एवढं मोठ्याने म्हणाला. तरीही कावळा आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

रात्री त्याने विचारलं, "ताई, दर्भाचा चालतो, तर खऱ्याची वाट कशाला बघायची?" एरवी मी चिडले असते. त्या दिवशी म्हणाले, "मला माहीत नाही." आणि मीही विचारलं, "तू मानत नाहीस, मग शब्द का दिलास?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "असं सगळ्यांदेखत बोलायला आपल्याकडे दुसरी जागा कुठंय?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आम्ही दोघं एकमेकांना खरोखर काही विचारत होतो.

काकूचा प्रश्न देवाबद्दल नव्हताच, हे मला तेव्हा कळलं. आपण आरतीला उभे राहिलो नाही की घरच्यांना वाटतं, पोरगा आपल्यापासून तुटला. तुम्ही देव आहे की नाही यावर मुद्दे मांडत बसता आणि आई तिकडे मुलगा दुरावल्याचं दुःख करत असते. आधी तिची ती भीती घालवा. "मी कुठेही जात नाहीये" हे शब्दांत सांगावं लागतं, ते आपोआप कळत नाही.

पण म्हणून अवघड गोष्टी टाळू नका. भावाने एकदा मला विचारलं, "तुझ्या रामाचं दार 1930 साली कुणासाठी बंद होतं?" मला राग आला, कारण लहानपणापासून त्या देवळात जाऊनही घरात हे कुणी बोललं नव्हतं. अस्पृश्य मानलेल्या लोकांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला. काही वर्षं लढा चालूनही दार उघडलं नाही. 13 ऑक्टोबर 1935 ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. दार अडवणारेही रामभक्तच होते. हे पचवायला मला वेळ लागला. मी अजून दर्शनाला जाते, पण त्या दारातून आत जाताना आता ते आठवतं, आणि ते आठवायलाच हवं असं मला वाटतं.

त्यालाही माझ्याकडून ऐकावं लागलंच. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल आमच्याकडे बायकांना वाटायचं, आता पूजाही बंद करतील. तो आम्हाला अडाणी म्हणाला. मी म्हटलं, घाबरलेल्या माणसाला अडाणी म्हणू नकोस, कायदा वाचून दाखव. त्याने वाचला. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना त्यात हात लावलेला नाही. अघोरी प्रकार आणि चमत्काराच्या नावाने फसवणूक यांना शिक्षा आहे. हे ऐकल्यावर शेजारच्या आजींनी स्वतःहून एका बाबाने घेतलेल्या पैशांची गोष्ट सांगितली. ती त्यांनी घरात कुणालाच सांगितली नव्हती.

बाकी थोडंसंच सांगते. सणाच्या दिवशी आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय काढू नका, पाहुण्यांसमोर कुणीच मागे हटत नाही. एकाच माणसाशी, चालता चालता बोला; आम्ही गोदापार्कला जातो. शिक्षणाचा किंवा राहण्याचा खर्च घरच्यांवर असेल आणि ते हात आखडतील अशी धास्ती असेल, तर आत्ता गप्प राहण्यात काहीही खोटेपणा नाही. राज्यघटनेचं 25 वं कलम सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, ते तुम्हालाही आहे आणि तुमच्या आईलाही.

दर्भाच्या कावळ्याबद्दल मी नंतर गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, कावळा आला नाही म्हणून घरच्यांना तसंच रडत घरी कसं पाठवायचं? मी भावाला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "हे मला पटतं." मंत्र अजूनही पटत नाहीत त्याला. मावशीची औषधं मात्र दर महिन्याला तोच आणतो.